वजन उतरतंय, पोटऱ्या मात्र तिथेच

पट्टा दोन भोकं आत गेला, कुर्ता खांद्यावर सैल झाला, गाल बसले; जीन्स मात्र अजूनही पोटरीवरच अडकते. वजन कमी करणाऱ्यांची ही तक्रार फार सर्रास आहे, पण तिच्याबद्दल उघड बोलणारे थोडे. पोटाबद्दल चारचौघांत विनोद करता येतो. पोटऱ्यांचा संकोच असलेला माणूस गप्प बसतो आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांतही नागपूरच्या अंबाझरी तलावावर चालायला फुल पँट घालून येतो.

या विषयावर मिळणारे सल्ले दोन टोकांचे असतात. एक म्हणजे ‘पोटरी बारीक करणारे दहा व्यायाम’, आणि दुसरं म्हणजे ‘आहात तसे सुंदर आहात’. दोन्हींमध्ये पहिली पायरी गाळलेली असते. तुमच्या पोटरीचा घेर नेमका कशाचा बनलाय? स्नायूचा, चरबीचा, साचलेल्या पाण्याचा की एखाद्या आजाराचा? चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, पण वजन उतरताना प्रत्येकीचं वागणं वेगळं असतं. हे ठरवल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, आणि ते बऱ्यापैकी घरीच ठरवता येतं.

शिवणकामाची टेप, एक पट्टी आणि मदतीला एक माणूस, एवढं पुरतं. माप सकाळी, फिरायला जाण्याआधी घ्यायचं. अनवाणी उभं राहून पायांत वीतभर अंतर ठेवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार द्या. टेप पोटरीभोवती आडवी धरून वर-खाली सरकवा. सर्वांत मोठा आकडा जिथे येईल तो तुमचा घेर. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून ती जागा किती सेंटिमीटरवर आहे तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी टेप त्याच जागी बसेल. बहुतेकांचं माप इथेच चुकतं. जागा दोन बोटं सरकली तरी आकडा बदलतो आणि माणूस उगाच खूश होतो किंवा खचतो. दोन्ही पायांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असला तर त्यात काही विशेष नाही.

आता खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा, गुडघा काटकोनात ठेवा आणि पोटरी पूर्ण सैल सोडा. त्याच उंचीवर, पोटरीच्या आतल्या बाजूची कातडी आणि तिच्याखालची चरबी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून स्नायूपासून अलगद ओढा. या घडीची जाडी दुसऱ्या माणसाने पट्टीने मोजायची. जिममध्ये घडी मोजायचा चिमटा असेल तर उत्तम, नसला तरी अंदाज येतो. मग साधं गणित करा: घेरातून घडीच्या जाडीची ३.१४ पट वजा करायची. जे उरतं ते साधारण स्नायू आणि हाडाचं माप.

समजा दोघांचाही घेर ४० सेंटिमीटर आहे. एकाची घडी १ सेंटिमीटर भरली, तर त्याच्याकडे ३६.९ सेंटिमीटर स्नायू आणि हाड आहे. दुसऱ्याची घडी २.६ भरली, तर त्याच्याकडे ३१.८. दुसऱ्याने चरबी उतरवून घडी निम्म्यावर आणली तर घेर ४ सेंटिमीटरने कमी होईल आणि तो फरक डोळ्यांना दिसेल. पहिल्याने कितीही घाम गाळून घडी १ वरून ०.७ वर आणली, तरी टेपवर जेमतेम सेंटिमीटरभर फरक पडेल. पहिल्याला ‘अजून थोडं वजन उतरव, पोटऱ्याही उतरतील’ असं सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. घडी शून्यावर कधीच येत नाही, कारण तिच्यात कातडीचे दोन थर असतातच.

वजन जास्त असलेल्यांच्या पोटऱ्या मोठ्या का असतात, याचं उत्तर बरेचदा स्नायूत सापडतं. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा, दोन फुगीर भागांचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखालचा चपटा, रुंद सोलियस. दोन्ही खाली जाऊन टाचेच्या जाड शिरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यात, मिळतात. प्रत्येक पावलाला टाच उचलून अख्खं शरीर पुढे ढकलायचं काम यांचं. ९५ किलोचं शरीर वर्षानुवर्षं रोज काही हजार पावलं उचलणारी पोटरी रोज वजनं उचलणाऱ्या पहिलवानाच्या दंडासारखी घडत जाते. वजन ७५ वर आलं की तिच्यावरचा भार कमी होतो आणि स्नायूही काहीसा उतरतो, पण सावकाश. पोट आधी बसतं, पोटरी मागून येते. मधल्या काळात पोट, कंबर, चेहरा कमी झाल्यामुळे पोटऱ्या आधीपेक्षा मोठ्या दिसतात. टेप मात्र सांगते की त्या एक-दीड सेंटिमीटरने कमीच झाल्यात. म्हणून माप लिहून ठेवायचं.

आकार मात्र बदलत नाही. टाचा उचलून आरशात मागून बघा. कुणाचा फुगीर भाग वरच संपतो आणि खाली लांब शीर दिसते, कुणाचा घोट्याजवळ येईपर्यंत भरलेला असतो. हे आईवडिलांकडून आलेलं असतं. त्याला व्यायाम नाही, आहार नाही आणि तेलही नाही.

चरबीची पोटरी बायकांमध्ये अधिक दिसते. बायकांच्या संप्रेरकांमुळे मांडी-पोटरीची चरबी साठते लवकर आणि सुटते उशिरा. आरोग्याच्या दृष्टीने ही चरबी पोटातल्या चरबीइतकी त्रासदायक नसते. डॉक्टर भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की चिंता करतात. पोटरीच्या बाबतीत त्यांची चिंता नेमकी उलटी असते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर म्हातारपणी स्नायू झिजत असल्याची शंका घ्यावी, असं आहे. साठीनंतर भरलेली पोटरी असणं ही कमाईच आहे, जरी पंचविशीत तसं वाटत नसलं तरी.

आता पाणी. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ते पाणी आहे, चरबी नव्हे. नागपूरच्या उन्हाळ्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि दिवसभर दुकानात किंवा वर्गात उभं राहणाऱ्यांच्या पायांना संध्याकाळी सूज येते. त्यात लोणची, पापड, कुरडया आणि सावजीचा रस्सा, म्हणजे मीठ भरपूर. उन्हाळ्यात संध्याकाळी घेतलेलं माप म्हणून फेकून द्यावं. पाय उशीवर छातीपेक्षा उंच करून वीस मिनिटं पडलं आणि बसल्या जागी दर तासाला घोटे वर-खाली हलवले, तर ही सूज उतरते. सकाळीही खळगा पडत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासायला हवेत. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू असेल तर पायांची सूज हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते. त्यातही प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण, लांबचा प्रवास किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांतलं काही असेल, तर पायातल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पोटरीला मालिश अजिबात करायची नाही. घरातली मोठी माणसं कोमट तेल घेऊन बसतात ती मायेनंच, पण गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. त्याच दिवशी मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नागपूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो, म्हणून तर आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन हत्तीरोगविरोधी गोळ्या समोर खायला लावतात. हत्तीरोगाची सूज बहुधा एका पायात अधिक असते आणि पाऊलही सुजतं. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नसेल तर शंका घ्यावी. याचे जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्रीच घेतात. याच्या बरोबर उलट असतो लिपेडिमा. तो जवळपास फक्त बायकांना होतो. दोन्ही पाय सारखे जाड, पाऊल मात्र बारीक, घोट्यावर कडं घातल्यासारखी कड, दाबलं की दुखतं आणि जरा लागलं की निळं पडतं. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना तो सुरू होतो आणि वरचं शरीर निम्मं झालं तरी पाय हटत नाहीत. अशा बाईला वर्षानुवर्षं ‘डाएट नीट पाळत नाहीस’ असं ऐकवलं जातं. ते बंद व्हायला हवं. दाब देणारे मोजे आणि योग्य निदान यांनी त्रास कमी होतो, उपासाने नाही.

आता व्यायामाकडे, कारण भीती इथेच सर्वांत जास्त. ‘चाललं की पोटऱ्या वाढतात’ म्हणून चालणं सोडणारे लोक आहेत. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ टाळणारे तर पुष्कळ. स्नायू भरभर वाढायला दोन गोष्टी लागतात: सतत वाढत जाणारा भार आणि गरजेपेक्षा जास्त अन्न. तुम्ही कमी खाऊन वजन उतरवताय, तेव्हा दुसरी गोष्ट मुळातच नाही. सपाट चालण्याने तर पोटरी वाढत नाहीच. मग लोकांना वाढल्यासारखी का वाटते? नवा चढ किंवा दोरीच्या उड्या सुरू केल्या की पुढचे दोन-तीन दिवस स्नायू दुखतो आणि त्यात पाणी भरतं. तेव्हा मोजलं तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर जास्त भरतं आणि माणूस व्यायामच सोडतो. जोराच्या व्यायामानंतर तीन दिवस टेप हातात घेऊ नका.

तरीही ज्याचं गणित स्नायूच्या बाजूला झुकलंय आणि ज्याला पोटरीला आणखी खाद्य घालायचं नाही, त्याने काय टाळावं ते स्पष्ट आहे. खांद्यावर वजन घेऊन टाचा उचलणं, दोरीच्या उड्यांची लांबलचक सत्रं, ट्रेडमिलवर १०-१२ चा चढ लावून चालणं. सायकलवर जड गिअर आणि अंगठा खाली झुकलेला असेल तर पोटरी विनाकारण राबते. सीटची उंची अशी ठेवा की टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेलं की गुडघा जेमतेम सरळ होईल; मग नेहमीसारखं चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जिन्यावर चवड्याने न चढता अख्खं पाऊल पायरीवर ठेवा आणि टाचेने रेटा द्या, म्हणजे काम मांडी आणि नितंबांकडे जातं. पण पोटरीचा व्यायाम पूर्ण बंद करू नये. पोटरीच्या आकुंचनानेच पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि कमजोर पोटरीचा माणूस घोटा मुरगळून बसतो. भिंतीला हात टेकवून, वजनाशिवाय १५ वेळा टाचा उचलणं, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. एवढ्याने घेर वाढत नाही.

जड शरीराच्या नवख्यांना खरा त्रास होतो तो आखडलेल्या पोटरीचा. रात्री गोळा येतो, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते. तपासायची रीत सोपी आहे. भिंतीकडे तोंड करून पाऊल भिंतीपासून दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठ्यापासून भिंत साधारण १० सेंटिमीटर असूनही गुडघा टेकला तर ठीक. ५-६ वरच अडला तर पोटरी आखडलेली आहे. रोज चालून आल्यावर भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, ३० सेकंद, तीन वेळा. मग तोच गुडघा थोडा वाकवून पुन्हा तेच, कारण सरळ गुडघ्याने वरचा स्नायू ताणला जातो आणि वाकवल्यावर खालचा. मागचं पाऊल बाहेर वळलेलं असलं तर ताण पोटरीला नीट बसत नाही आणि तळव्याची कमान खचते, म्हणून बोटं थेट समोर. गोळा आलाच तर पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरा. आणि चालायला चपला नकोत, टाचेला थोडी उंची असलेले बूट हवेत. ताण दिल्याने पोटरी बारीक होत नाही, हेही सांगून टाकतो. ती मोकळी होते, बस.

पोटरीवर प्लास्टिक गुंडाळून चालणं, क्रीम, थरथरणारा पट्टा यांनी दाब आणि घामामुळे काही तास घेर कमी दिसतो. बोटॉक्सने स्नायू काही महिन्यांपुरता लुळा पडून आक्रसतो, परत भरतो, आणि तोवर चालण्यातली ताकद जाते. चांगली चालणारी पोटरी पैसे देऊन अशक्त करायची, हा सौदा मला पटत नाही.

आहाराबद्दल इथे थोडंच. रोज ५०० कॅलरींची तूट म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो. त्याहून जोरात उपास केला तर अंगावरचा स्नायूही जातो. मग चालण्यात रोज राबणारी पोटरी उरलेल्या अंगाच्या मानाने आणखीच मोठी दिसते. ८० किलोच्या माणसाने रोज ९५-१०० ग्रॅम प्रोटीन धरावं. ५० ग्रॅम बेसनाच्या झुणक्यात ११ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५ च्या आसपास, अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. तर्री पोहे सोडायची गरज नाही. तर्रीतले चणे घ्या आणि वरचा लाल थर वाटीतच राहू द्या, कारण मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या वर तेल लागत असेल तर तूट तिथूनच काढायची.

संकोचाचा मोठा भाग बघण्याच्या पद्धतीतून येतो. मोबाइल खाली, पायांजवळ धरून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो, आणि रुंद कोनाच्या लेन्सने तर फारच. प्रगती बघायची असेल तर मोबाइल स्टुलावर गुडघ्याच्या उंचीला ठेवा, तीन मीटर लांब उभे राहा, तीच जागा, तोच उजेड. समोरून, बाजूने, मागून. महिन्यातून एकदा. टेपही महिन्यातून एकदाच, कारण घरी घेतलेल्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक धरावीच लागते आणि रोज मोजणारा त्या चुकीलाच फरक समजतो.

लग्नकार्यात कुणी आत्या-मावशी ‘अगं, बारीक झालीस, पण पाय केवढे राहिलेत!’ म्हणणारच. स्पष्टीकरण देत बसू नका. ‘आईच्या घरचे आहेत’ एवढं म्हणून पंगतीला बसावं. पण दिवसाचा तासन्‌तास वेळ याच विचारात जात असेल, पोहणं-खेळणं-घराबाहेर जाणं सुटलं असेल, जेवण निम्म्यावर आणूनही अपराधी वाटत असेल किंवा खाल्लेलं उलटून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर हा पोटरीचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी आणखी बिघडायची वाट बघू नका.

राहिले कपडे. तयार कपडे कमरेच्या मापावर बनतात, पोटरीचा विचार त्यात नसतो. पुरुषांनी स्लिम किंवा स्किनी सोडून स्ट्रेट घ्यावी. पोटरी ४० असेल तर त्या उंचीवर पँटचा घेर ४४-४५ हवा. टेप दुकानात घेऊन जायला लाजू नये. सीताबर्डीच्या बाजारात तयार सापडली नाही तर गांधीबागेतून कापड घेऊन शिवून घ्यावी आणि शिंप्याला आतल्या शिवणीत दोन सेंटिमीटर माया सोडायला सांगावं. कुर्ती किंवा थ्री-फोर्थची कड पोटरीच्या सर्वांत रुंद भागावर संपली की डोळा तिथेच जातो. ती गुडघ्याच्या जरा वर किंवा थेट घोट्याशी संपू द्या. चुडीदार तिरप्या कापडातच शिवायला सांगा, कारण ते ताणतं, आणि घोट्याला १५ सेंटिमीटरची चेन लावून घ्या, नाहीतर पाऊल जातं पण पोटरीवर कापड चढत नाही. शिवलेली नऊवारी घेताना पोटरीचं माप वेगळं द्यायचं, तेही मांडी घालून बसल्यावरचं. विधीला पाटावर तासभर बसायचं असतं आणि दुमडलेल्या पायाची पोटरी दबून रुंद होते. उभ्या मापाची नऊवारी नेमकी तिथेच उसवते.